अंगणातली भातुकली

आज आपण एका चुलीविषयी वाचणार आहोत. ही चूल पेटवायची नाही. हिच्यावर भाकरी भाजायची नाही. ही चूल मुलांच्या खेळाची आहे. ती कशी बांधायची आणि कशासाठी बांधायची, हे या पाठात सांगितले आहे.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी म्हातारपणी भातुकली खेळायला लागले की काय?"

होय, लागलो. त्याचे कारण आधी सांगतो. मग कामाला लागू.

छकुलीचा हात

आमच्या शेजारी आबा आणि वहिनी राहतात. त्यांना चार वर्षांची नात आहे. सगळे तिला छकुली म्हणतात. मुलगा आणि सून सकाळीच रानात जातात. घरात गॅस आला आहे. पण आंघोळीचे पाणी अजून अंगणातल्या चुलीवरच तापते. आपल्याकडे पुष्कळ घरी असेच असते. काटक्याकुटक्या रानातून मिळतात. गॅसला पैसे पडतात.

छकुलीला स्वयंपाकाचा भारी नाद. आजी भाकरी थापायला लागली, की ही शेजारी येऊन बसायची. "मला पीठ दे," म्हणायची. वहिनींना कामाची घाई. त्या म्हणायच्या, "जा बाई, बाहेर खेळ." मग ती बाहेर जायची. चिखल करायची. पायरीवर भाकऱ्या थापायची. ते पाहून आबा ओरडायचे, "सगळी पायरी राड केली! आधी हात धू!"

आत पिठाला हात लावायचा नाही. बाहेर मातीला हात लावायचा नाही. मग त्या पोरीने करायचे तरी काय?

एके दिवशी थंडीत सकाळी अंगणात कोणी नव्हते. चुलीवर पाण्याचे पातेले होते. छकुलीने आपली वाटी घेतली. वाटीत मातीची भाजी होती. ती भाजी तिला शिजवायची होती. वाटी चुलीवर ठेवायला गेली आणि पातेल्याला धक्का लागला. कढत पाणी तिच्या डाव्या हातावर सांडले.

आम्ही सगळे धावलो. कोणी म्हणाले तूप लावा. कोणी म्हणाले दातांची पेस्ट लावा. मी शिकलेला माणूस. पण मलाही त्या वेळी सुचले नाही. आम्ही पेस्ट लावली आणि पोरीला दवाखान्यात नेले. तिथे डॉक्टरीणबाईंना आधी ती पेस्ट धुऊन काढावी लागली. पोर किंचाळत होती. ते ऐकवत नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी आम्हांला जे सांगितले, ते तुम्हीही ध्यानात ठेवा.

भाजले किंवा पोळले, तर त्या जागेवर लगेच साधे, स्वच्छ, गार पाणी ओतावे. थोडे थोडके नाही, वीस मिनिटे ओतावे. बांगडी, दोरा, अंगठी लगेच काढावी. नंतर सूज आली की ती निघत नाही. कातडीला कपडा चिकटला असेल, तर तो ओढू नये. तूप, हळद, शाई, पेस्ट, बर्फ यांतले काहीही लावू नये. वर स्वच्छ कापड सैल झाकावे आणि मुलाला दवाखान्यात न्यावे. गाडी नसेल, तर फोनवर १०८ हा आकडा फिरवावा. रुग्णवाहिका बोलावता येते.

छकुलीचा हात बरा झाला. मनगटावर डाग मात्र राहिला.

चूक कोणाची?

दवाखान्यातून परत येताना वहिनी म्हणाल्या, "पोरगी फार वांड आहे. शंभरदा सांगितलं, चुलीकडं जाऊ नको म्हणून."

मी म्हणालो, "वहिनी, शंभरदा 'जाऊ नको' सांगितलं. 'इकडं जा' असं एकदा तरी सांगितलं का?"

वहिनी गप्प झाल्या. खरे सांगायचे तर मीही मनात गप्प झालो. कारण मला एक जुनी गोष्ट आठवली.

मी हेडमास्तर होतो तेव्हाची गोष्ट. शाळेच्या मागे पहिलीच्या मुलामुलींनी मातीच्या लहान लहान चुली मांडल्या होत्या. करवंट्यांत पाला शिजत होता. दुसऱ्या दिवशी साहेब तपासणीला येणार होते. मी शिपायाला सांगून त्या सगळ्या चुली मोडायला लावल्या. जागा झाडून स्वच्छ केली. मुले भिंतीशी उभी राहून पाहत होती. कोणी रडले नाही. पण नंतर त्या जागी कोणी खेळलेही नाही. साहेब आले आणि पुढच्या दाराने गेले. शाळेच्या मागे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही.

आता वाटते, त्या दिवशी मी शाळेचाच एक वर्ग मोडला.

मातीत मूल काय शिकते?

आपण पोळ्याला मातीचे बैल करतो. दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात. तेव्हा त्यांना कोणी रागावत नाही. उलट शेजाऱ्यांना बोलावून किल्ला दाखवतो. मग भातुकलीच्या मातीनेच काय पाप केले?

भातुकलीत मूल काय करते ते नीट पाहा. "चार माणसं जेवायला आहेत," असे म्हणून ते चार भाकऱ्या थापते. हे झाले मोजणे. मोठ्या बोळक्यातले पाणी लहान बोळक्यात मावत नाही, हे ते पाहते. हे झाले माप. "तू पाणी आण, मी चूल पाहते," असे ते म्हणते. ही झाली कामाची वाटणी. चिखल पातळ झाला की माती घालते, घट्ट झाला की पाणी घालते. वहिनी कणीक मळताना हेच करतात की नाही?

आपल्या महाराष्ट्रात ही गोष्ट फार पूर्वी ओळखणारी माणसे होऊन गेली. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी या गावी लहान मुलांच्या शिक्षणाचे काम सुरू केले. ते गाव आता पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. गरिबांची मुले शाळेत येत नाहीत, असे त्यांनी पाहिले. मग त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. महागडी खेळणी नव्हती. आसपास मिळेल त्या वस्तूंवर त्यांनी काम चालवले. पुढे १९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. सरकारची अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. पण अंगणात मूल शिकते, हे त्या दोघींनी तीस वर्षे आधी करून दाखवले होते.

आपल्याला तर एवढे मोठे काम करायचे नाही. फक्त एक ओटा बांधायचा आहे.

जागा कोणती?

आबा, वहिनी आणि मी असे तिघे मिळून कामाला लागलो. पहिले काम जागा पाहण्याचे.

जागा घरातून दिसेल अशी हवी. काम करता करता मुलांवर नजर राहिली पाहिजे. खऱ्या चुलीपासून ती दहा-बारा पावले तरी लांब हवी. विहीर, हौद, पाण्याचा पिंप यांच्याजवळ नको. गोठ्याची घाण किंवा सांडपाणी जिथे वाहते, तिथे नको. झाडाची सावली असेल तर उत्तम. आम्ही लिंबाच्या झाडाखालची जागा धरली.

माती कशी पारखायची?

नुसती काळी माती घेऊ नका. ती ओली असताना फुगते आणि वाळली की भेगाळते. पडक्या घराच्या भिंतीची पांढरी माती चांगली. ती नसेल, तर तांबडी चिकण माती घ्या. रासायनिक खत आणि फवारणी पडलेली शेताची माती टाळा. माती चाळून घ्या. काच, खिळे, काटे निघून जातात.

आता पारख करा. ओल्या मातीचा लिंबाएवढा गोळा करून उन्हात वाळवा. गोळ्याला भेगा पडल्या, तर माती फार चिकट आहे. तिच्यात वाळू वाढवा. गोळा बोटाने दाबताच भुगा झाला, तर वाळू फार आहे. चिकण माती वाढवा. गोळा टणक राहिला आणि भेग पडली नाही, तर माती जमली.

आमचे माप असे होते. मातीची नऊ घमेली, वाळूची तीन घमेली आणि गव्हाच्या भुश्याची दोन घमेली. भुसा मातीला धरून ठेवतो, त्यामुळे भेगा कमी पडतात. हे सगळे पाणी घालून रात्रभर भिजत ठेवले. सकाळी पायांनी तुडवले. तुडवायला गल्लीतली सात मुले आली. छकुली सगळ्यांच्या पुढे होती. त्या दिवशी आबा ओरडले नाहीत. धोतर खोचून तेही चिखलात उतरले.

ओटा बांधू या

१. जमीन वीतभर खोदा. त्यात दगड बसवून जोते करा. जोते जमिनीच्या चार बोटे वर येऊ द्या. म्हणजे पावसाचे पाणी ओट्याच्या मुळाशी शिरणार नाही.

२. जोत्यावर दगड आणि चिखल यांचा ओटा चढवा. लांबी दोन हात, रुंदी एक हात. जमिनीपासून उंची दोन वीत. चार-पाच वर्षांच्या मुलाला उभ्याने खेळायला ही उंची बरोबर होते.

३. एका दिवसात वीतभरच चढवा. घाई केली तर ओला ओटा खचतो. रात्री वर ओले गोणपाट टाका. फार लवकर वाळला तर तडकतो.

४. ओट्याच्या एका टोकाला चूल करा. घोड्याच्या नालेसारखा आकार द्या. वर भांडे टेकायला तीन उंचवटे करा. शेजारी लहानशी वैल काढा. मुलांना वैल फार आवडते.

५. दुसऱ्या टोकाला बोळकी ठेवायला दोन खळगे करा. मध्ये भाकरी थापायला सपाट जागा सोडा.

६. कडा आणि कोपरे हाताने गोल करा. मूल पडले तर कपाळाला खोक पडणार नाही.

७. आठ-दहा दिवस सावलीत वाळू द्या. मग शेण आणि चाळलेली माती यांनी सारवा. सारवण पूर्ण वाळल्यावरच मुलांना खेळू द्या.

हे काम दिवाळीनंतर करावे. पावसाळ्यात ओटा वाळत नाही. कडक उन्हाळ्यात तो तडकतो. पावसाळ्यात वर पत्रा किंवा पेंढ्याचे छप्पर हवे. तरीही एखादा कोपरा वाहून गेला, तर दुरुस्त करताना मुलांनाच हाताशी घ्या. स्वतः बांधलेले मूल सहसा मोडत नाही.

भांडी कोणती?

भांड्यांसाठी खर्च नको. नारळाच्या करवंट्या, जुनी पळी, तुटकी चाळणी, लाकडी उलथने एवढे पुरे. कुंभाराकडे बोळकी मिळतात. ती मात्र चार आणा. मुले त्यांची उतरंड रचतात. उतरंड पडली तर पडू द्या. कोणते बोळके खाली ठेवायचे, हे त्यातूनच कळते.

जाळ कशाचा? पळस फुलला की त्याची फुले चुलीत घाला. लाल जाळ दिसतो. इतर दिवसांत जास्वंदीची फुले चालतात. काडेपेटी मात्र मुलांच्या हाती लागता कामा नये.

काय वापरू नये, ते आता नीट वाचा. हे एकदा वाचून झाले, की पुन्हा मोठ्याने वाचा.

फवारणीच्या औषधाची बाटली किंवा डबा मुलांना कधीही देऊ नका. तो दहादा धुतला तरी देऊ नका. धारदार कडेचा पत्र्याचा डबा नको. काच नको.

भाजीसाठी कोणताही पाला तोडू देऊ नका. कण्हेर आणि धोतरा विषारी आहेत. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना इजा होते. गुंजेची लाल बी दिसायला सुंदर, पण ती जहर आहे. कुंपणाला मोगली एरंड असतो. त्याचे बी मुलांना शेंगदाण्यासारखे गोड लागते. ते खाऊन मुलांना उलट्या आणि जुलाब होतात. ओट्याजवळ ही झाडे असतील, तर आधी काढून टाका. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पाने, गवत, भुईमुगाची टरफले यांची भाजी होऊ द्या.

मुलगा आणि चूल

ओटा तयार झाला. पहिल्याच दिवशी गल्लीतला एक पाच वर्षांचा मुलगा भाकरी थापू लागला. त्याचे आजोबा पारावरून पाहत होते. ते म्हणाले, "काय गुरुजी, पोराला बाई करता काय?"

मी म्हणालो, "दादा, गावजेवणाला आचारी कोण असतो?"

"आचारी बाप्यामाणूस असतो."

"वारीत दिंडीच्या मुक्कामी पिठलं कोण ढवळतं?"

"बापे पण ढवळतात की."

"आणि हा नातू उद्या शिकायला शहरात गेला, तर त्याला भाकरी कोण करून घालणार?"

दादा हसले. म्हणाले, "मी आलो होतो भांडायला. पण बरोबर आहे तुमचं." मग जाता जाता नातवाला म्हणाले, "लेका, कडा फाटल्या भाकरीच्या. गोल थाप."

मुलगी खेळते आणि मुलगा बघतो, असे होऊ देऊ नका. मुलगा हुकूम सोडतो आणि मुलगी राबते, असेही होऊ देऊ नका. खेळात जी सवय लागते, ती मोठेपणी घरात येते.

वहिनींची अक्षरे

आता शेवटची गोष्ट. ती तुमच्यासाठी आहे.

वहिनी रात्रीच्या साक्षरता वर्गात येतात. वहीत अक्षरे चांगली काढतात. पण वहीबाहेर त्यांनी कधी काही लिहिले नव्हते. त्या म्हणायच्या, "गुरुजी, मला मेलीला लिहून कुठं कामाला लागायचंय?"

ओटा सारवून झाला, तेव्हा मी त्यांच्या हातात गेरूचा खडा दिला. म्हणालो, "बोळक्यांवर नावं घाला. मुलांना कळलं पाहिजे, कशात काय आहे."

वहिनींनी पहिले बोळके घेतले. त्यावर 'पाणी' लिहिले. दुसऱ्यावर 'पीठ' लिहिले. तिसऱ्यावर 'मिठ' लिहिले. मग थांबल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. पदराने ते पुसले आणि 'मीठ' लिहिले. मी काही बोललो नव्हतो. चूक त्यांची त्यांनाच दिसली.

छकुली शेजारी उभी होती. डागाच्या हाताने तिने अक्षरांवर बोट फिरवले आणि विचारले, "आजी, हे तू लिहिलंस?"

वहिनी म्हणाल्या, "व्हय. हे मीठ. आता म्हण."

"मीठ," छकुली म्हणाली.

रोजचे नियम

खेळाआधी ओटा झाडून घ्यावा. दगडांच्या सांध्यात विंचू, किडा नाही ना, ते मोठ्या माणसाने पाहावे.

पाणी तांब्यात द्यावे. बादली भरून ठेवू नये. लहान मूल बादलीतही बुडू शकते.

मातीचे पदार्थ तोंडात घालायचे नाहीत. "खोटं खोटं जेवायचं" हे पहिल्या दिवशीच शिकवावे.

खेळ संपला की साबणाने हात धुवावेत. नखे कापलेली असावीत. मातीतून जंत पोटात जातात. २०१५ सालापासून १० फेब्रुवारी हा राष्ट्रीय जंतनाशक दिन म्हणून पाळला जातो. त्या वेळी शाळेत आणि अंगणवाडीत जंतांची गोळी देतात. ती मुलाला चुकवू नये. लसही वेळेवर टोचून घ्यावी. काटा किंवा पत्रा लागला, तर जखम साबणाने धुवावी आणि धनुर्वाताच्या लसीविषयी दवाखान्यात विचारावे.

खरी चूल पेटलेली असताना तिच्याजवळ मोठे माणूस असलेच पाहिजे. खेळाची चूल बांधली म्हणून ही काळजी सुटत नाही.

मंडळी, आमच्या ओट्याला एक पैसा मजुरी लागली नाही. बोळक्यांचे तेवढे पैसे गेले. आता आंघोळीची चूल पेटते, तेव्हा छकुली तिच्याकडे जात नाही. तिला वेळच नसतो. तिच्याकडे रोज चार-पाच पाहुणे जेवायला असतात. परवा मलाही बोलावणे होते. दोन भाकऱ्या वाढल्या आणि म्हणाली, "गुरुजी, मीठ पाहिजे तर त्या बोळक्यात आहे. वर लिहिलंय."

प्रश्न

१. कढत पाण्याने भाजले तर पहिल्यांदा काय करावे? काय लावू नये?
२. मातीचा गोळा वाळल्यावर त्याला भेगा पडल्या, तर मातीत काय वाढवावे?
३. ओटा एका दिवसात पुरा का चढवू नये?
४. तुमच्या घराजवळ या पाठातली कोणती विषारी झाडे आहेत? त्यांची नावे लिहा.
५. हेडमास्तरांनी शाळेमागच्या चुली मोडायला लावल्या. तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते?

करून पाहा

घरातल्या पाच डब्यांवर आत काय आहे ते लिहा. लिहिल्यावर घरातल्या लहान मुलाला वाचून दाखवा.